हलत्या अंगानंही ध्यान होतं

"ध्यान मांडी घालून, अजिबात न हलताच होतं, आसनं म्हणजे नुसता व्यायाम," हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण योगसूत्रांतलं 'स्थिरसुखमासनम्' (२.४६), म्हणजे 'स्थिर आणि सुखाचं ते आसन', हे बैठकीबद्दल आहे. पण चालत करायचं ध्यान, चंक्रमण, बौद्ध परंपरेत जुनंच आहे. आपल्या शेजारच्या अजिंठ्याचे भिक्खू त्याच परंपरेतले. म्हणजे खरी अट लक्ष टिकण्याची.

स्वतः करून पाहा. उन्हं चढायच्या आत गच्चीवर ताडासनात, म्हणजे पाय जुळवून ताठ, उभे राहा. श्वास घेताना हात वर, सोडताना खाली, सावकाश. भार टाचेवर आहे की चवड्यावर, तेवढंच बघा. मन बाजारात गेलं की पुन्हा तळपायाशी आणा. हे परत आणणं हाच ध्यानाचा सराव. म्हणूनच आसनं शिकवणाऱ्यांनी आवर्तनांचे आकडे कमी मोजावेत, श्वासाकडे जास्त लक्ष द्यायला सांगावं, असं मला ठामपणे वाटतं.