ड्रायव्हर अपडेट करताना स्क्रीन काळी का पडते?

देवगड-मालवणकडच्या घरात पावसाळ्यात ग्राफिक्स कार्डाचा (स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर अपडेट करायचा, तर आधी आभाळ बघावं लागतं. फाइल कित्येकशे एमबीची. ती उतरेपर्यंत लाईट टिकेल का, ही पहिली काळजी. बसवताना स्क्रीन काळी पडली की दुसरी. ते काळं पडणं का येतं, हे समजायला तीसेक वर्षं मागे जावं लागतं.

डॉस या विंडोजआधीच्या सिस्टीमच्या काळात गेम थेट कार्डाशी बोलायचा. कार्डाची भाषा त्याला येत नसली तर विषय संपला. १९९५ मध्ये विंडोज ९५ आणि डायरेक्टएक्स (गेमने कार्डाशी बोलायची मायक्रोसॉफ्टची ठरलेली पद्धत) आलं आणि गेम व कार्डाच्या मधे ड्रायव्हर नावाचा दुभाषी भक्कमपणे बसला. तो कार्डाच्या खोक्यातल्या सीडीवर यायचा. पुढे नव्या आवृत्त्या नेटवर मिळू लागल्या, पण ५६ केबीपीएसच्या मोडेमवर दहा एमबी उतरवायला पूर्ण वेगानेही जवळपास पंचवीस मिनिटं लागणार, आणि फोनच्या तारेवर तो पूर्ण वेग मिळायचाच नाही. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतली सीडी हाच त्यापेक्षा खात्रीचा रस्ता होता.

खरी गोम मात्र १९९६ ची. विंडोज एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगासाठी ग्राफिक्सचा ड्रायव्हर सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये नेला. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर हीच घडण घराघरात पोचली. वेग मिळाला, पण दुभाष्याची एक चूक आख्खा कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर आणून उभा करू लागली. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने ही घडण मोडली. ड्रायव्हरचा मोठा भाग कर्नलबाहेर काढला, आणि कार्डाने साधारण दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर फक्त ड्रायव्हर पुन्हा सुरू करायचा, असं ठरवलं. चालू कॉम्प्युटरवर ड्रायव्हर बदलता येऊ लागला तोही तेव्हापासूनच. अपडेट करताना स्क्रीन क्षणभर काळी पडते ती त्यामुळे: जुना दुभाषी उठतो, नवा बसतो. तेव्हा घाबरून बटण दाबून मशीन बंद करू नये.

पण इतक्या वेळा अपडेट का? गेममधला शेडरचा (चित्रातला रंग-उजेड ठरवणारा) कोड त्या कार्डाच्या आज्ञांमध्ये बदलून देणारा कंपायलर ड्रायव्हरमध्येच असतो. मोठा गेम आला की कंपन्या त्यासाठी ड्रायव्हर सुधारून देतात. शिवाय सुरक्षेची भोकं बुजवायची असतात.

तरी नवा म्हणजे चांगलाच, असं नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीने १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला, कारण त्याने काही कार्डांचे पंखे नीट फिरेनात आणि कार्डं तापू लागली. आपल्याकडे मे महिन्याचा उकाडा आणि खाऱ्या हवेने आधीच गंजू लागलेला पंखा असताना ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. म्हणून जुन्या, चाललेल्या ड्रायव्हरची फाइल पुसू नये.

एनव्हिडियाची २०१६ पासूनची जीटीएक्स १० मालिकेची कार्डं कितीतरी घरांत अजून चालू आहेत. त्यांच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेची दुरुस्ती, असं एनव्हिडियाने जाहीर केलं आहे. ज्यांच्याकडे असं कार्ड आहे त्यांनी ५८० मालिकेतला, म्हणजे या कार्डांना चालणाऱ्या शेवटच्या मालिकेतला, ड्रायव्हर पाऊस लागण्याआधीच पेन ड्राईव्हवर उतरवून ठेवावा.