प्रकाशनसंस्थांचे युद्धचित्रसंग्रह

सचित्र साप्ताहिके, मासिके व ग्रंथ छापणाऱ्या संस्थांनी युद्धकाळात काढवून घेतलेली, विकत घेतलेली किंवा सरकारी खात्यांकडून मिळवलेली छायाचित्रे, रेखाटने आणि रंगचित्रे यांचा जपून ठेवलेला साठा. हे संग्रह इतिहासासाठी म्हणून कोणी उभारले नाहीत. अंक वेळेवर निघावा आणि एकदा वापरलेले चित्र पुढे गरज पडली तर सापडावे, एवढ्यासाठी कपाटे भरत गेली. त्यामुळे छापलेल्या चित्राशेजारी नाकारलेले, कातरलेले आणि सेन्सॉरने अडवलेले चित्रही टिकून राहिले. या संग्रहांचे सर्वांत मोठे मोल त्या न छापलेल्या चित्रांत आहे.

हर्बर्ट इन्ग्रम यांनी १४ मे १८४२ रोजी लंडनमध्ये ‘द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ सुरू केले आणि युद्धाच्या बातमीला चित्राची जोड मिळाली. छायाचित्र थेट छापण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. रणभूमीवर धाडलेला चित्रकार घाईघाईने पेन्सिलीने रेखाटन करी, कडेला सूचना लिही आणि ते टपालाने पाठवी. कार्यालयातला दुसरा चित्रकार ते लाकडावर उतरवी. चित्र मोठे असेल तर लाकडाचे अनेक ठोकळे बोल्टने जोडलेले असत. ते सुटे करून निरनिराळ्या कोरक्यांना वाटून देत आणि कोरून झाल्यावर पुन्हा जोडत. प्रत्यक्ष पाहणारा आणि वाचक यांच्यामध्ये असे तीन-चार हात येत. मूळ रेखाटन आणि छापील चित्र शेजारी ठेवून पाहता येते, तेव्हाच कोणत्या हाताने काय बदलले ते कळते. अमेरिकन यादवी युद्धात ‘हार्पर्स वीकली’साठी काम केलेल्या आल्फ्रेड वॉड यांची मूळ रेखाटने त्यासाठी फार उपयोगी आहेत. जे. पी. मॉर्गन यांनी ती १९१९ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली.

प्रकाशक, छायाचित्रकार आणि चित्रकार या तिघांचे नाते ब्रिटन, फ्रान्स व त्यांचे दोस्त रशियाशी लढले त्या क्रिमियन युद्धात (१८५३–५६) सर्वांत स्पष्ट दिसते. मँचेस्टरच्या थॉमस ॲग्न्यू अँड सन्स या चित्रप्रकाशकांनी १८५५ मध्ये रॉजर फेंटन यांना क्रिमियाला पाठवले. मद्यविक्रेत्याच्या एका घोडागाडीचे त्यांनी फिरते डार्करूम केले होते. मार्च ते जून या काळात त्यांनी साडेतीनशेच्या आसपास काचेच्या निगेटिव्ह तयार केल्या. त्यांतली अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रे थॉमस जोन्स बार्कर या चित्रकाराला हवी होती. दोस्त सेनापतींच्या त्यांच्या भव्य चित्रातले चेहरे या छायाचित्रांवरून रंगवले गेले. म्हणजे छायाचित्र हा इथे रंगचित्राचा कच्चा माल होता, आणि दोन्हींच्या विक्रीचा हिशेब एकाच प्रकाशकाकडे होता. त्याच युद्धात कोलनागी या दुसऱ्या प्रकाशकांनी विल्यम सिम्पसन यांना जलरंगचित्रे काढण्यासाठी पाठवले. त्यांवरून केलेले शिळाछाप १८५५–५६ मध्ये प्रसिद्ध झाले.

फेंटन यांच्या चित्रांत मृतदेह नाहीत. ओल्या कोलोडियनच्या (काचेवर रसायनाचा ओला थर देण्याच्या) पद्धतीत काचेवर प्रकाश कित्येक सेकंद पडू द्यावा लागे, म्हणून प्रत्यक्ष लढाई टिपणे अशक्यच होते. पण प्रेते तर हलत नाहीत. ती का टिपली नाहीत, याचे उत्तर तंत्रात सापडत नाही. ही चित्रे घरोघरी विकायची होती, हे उत्तर मला अधिक पटते. त्यांचे सर्वांत गाजलेले छायाचित्र एका ओसाड दरीचे आहे. त्याच्या दोन प्रती आहेत : एकीत तोफगोळे फक्त कडेच्या चरात आहेत, दुसरीत रस्त्यावरही विखुरलेले आहेत. गोळे मुद्दाम रस्त्यावर आणून टाकले का, हा वाद आजही चालतो. दुसरी प्रत जपली गेली नसती तर प्रश्नच पडला नसता. युद्ध संपताच लोकांचा रस आटला आणि ॲग्न्यू यांनी १८५६ मध्येच उरलेला माल निगेटिव्हसह लिलावात काढला. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील २६३ प्रती १९४४ मध्ये फेंटन कुटुंबातील व्यक्तीकडून विकत घेतलेल्या आहेत.

चित्राखालची ओळ किती जपून वाचावी, हे छायाचित्रकार फेलिचे बेआतो यांच्या लखनौच्या छायाचित्रावरून शिकावे. सिकंदर बागेच्या पडक्या इमारतीपुढे पसरलेल्या हाडांचे हे दृश्य नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रज फौजेने केलेल्या भारतीय शिपायांच्या कत्तलीचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. बेआतो मात्र १८५८ मध्ये भारतात आले. कत्तल खरी आहे, मेलेली माणसे खरी आहेत. पण समोरची मांडणी काही महिन्यांनंतरची आहे, आणि ती ज्यांच्यासाठी केली ते ग्राहक विजेत्यांच्या बाजूचे होते. अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर जुलै १८६३ मध्ये अलेक्झांडर गार्डनर यांनी टिपलेला ‘बंडखोर नेमबाज’ही असाच. ते प्रेत दुसरीकडून उचलून दगडांच्या आडोशाला ठेवले होते, हे इतिहासकार विल्यम फ्रासानिटो यांनी १९७५ मध्ये त्याच मालिकेतील इतर छायाचित्रांशी ताडून दाखवले. हा शोध एकट्या चित्रावरून लागणे शक्य नव्हते. त्यासाठी अख्खी मालिका हाताशी असावी लागली.

न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने ४ मार्च १८८० रोजी हाफटोन पद्धतीने, म्हणजे छटांचे लहानमोठे ठिपके करून, छायाचित्र छापले. १८९० च्या दशकात ही पद्धत रुळली. आता चित्रकाराची गरज उरणार नाही असे वाटणे साहजिक होते, पण झाले उलटेच. पहिल्या महायुद्धात आघाडीवर कॅमेऱ्यावर कडक बंधने होती आणि प्रत्यक्ष चकमक टिपलेले छायाचित्र दुर्मीळ होते. लंडनच्या ‘द स्फिअर’ (स्थापना १९००) साप्ताहिकासाठी फोर्तुनिनो मातानिया यांनी ती पोकळी भरली. परतलेल्या सैनिकांना विचारून, गणवेशाची बटणेही तपासून ते रंगवत, आणि हाफटोनमध्ये नीट उतरावे म्हणून पुष्कळदा केवळ काळ्या-पांढऱ्या छटांत रंगवत. अशा चित्रातील बारकावे विश्वासार्ह असतात. प्रसंग मात्र वाचकाला बघवेल असा निवडलेला असतो. ‘स्फिअर’, ‘ग्राफिक’, ‘टॅटलर’, ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ आदी आठ नियतकालिकांचा साठा आता मेरी इव्हान्स पिक्चर लायब्ररीमार्फत पाहायला मिळतो.

अमेरिकेत ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकाने दुसऱ्या महायुद्धात चित्रकारांना थेट आघाडीवर नेले. सैन्याच्या चित्रकला-उपक्रमाचा निधी १९४३ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) तोडला, तेव्हा त्यातील अनेक चित्रकारांना ‘लाइफ’ने पदरी घेतले. टॉम ली सप्टेंबर १९४४ मध्ये मरीन सैनिकांबरोबर पॅसिफिकमधील पेलेलिउ बेटावर उतरले. तिथे पाहिलेला, डोळे शून्यात लागलेला सैनिक त्यांनी नंतर रंगवला आणि ‘लाइफ’ने तो जून १९४५ मध्ये छापला. मनाने मोडलेल्या योद्ध्याची ही प्रतिमा कोणत्याही सरकारी प्रसिद्धीपत्रकात बसली नसती. एक हजारांहून अधिक चित्रांचा हा संग्रह साप्ताहिकाने १९६० मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याला दिला. छायाचित्रांच्या बाबतीत हात अधिक आखडता होता. न्यू गिनीतील बुना किनाऱ्यावर मरून पडलेल्या तीन अमेरिकन सैनिकांचे जॉर्ज स्ट्रॉक यांचे छायाचित्र छापायला सरकारची परवानगी मिळेपर्यंत सप्टेंबर १९४३ उजाडले.

संपादकाच्या टेबलावर चित्राचे काय झाले, हे प्रिंटच्या मागची बाजू सांगते. तिथे तारीख, छायाचित्रकाराचे नाव, सेन्सॉरचा शिक्का, चिकटवलेली टंकलिखित ओळ आणि कोणत्या अंकात वापरले त्याची नोंद असते. पुढच्या बाजूला कातरण्याच्या रेघा आणि ब्रशने केलेले रिटचिंग दिसते. सोव्हिएत छायाचित्रकार येवगेनी खाल्देई यांनी मे १९४५ मध्ये बर्लिनच्या राइखस्टागवर (जर्मन संसदभवनावर) फडकवलेल्या सोव्हिएत झेंड्याचे छायाचित्र घेतले. ‘अगन्योक’ या सोव्हिएत साप्ताहिकात छापताना एका सैनिकाच्या मनगटावरचे जादा घड्याळ खोडण्यात आले, कारण ते लुटीचे दिसले असते. मूळ प्रत उरली म्हणून ते घड्याळ आज दिसते.

अडवलेल्या चित्रांचे ठळक उदाहरण कोरियन युद्धातले आहे. एडवर्ड हल्टन यांच्या ‘पिक्चर पोस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकाचे (१९३८–५७) वार्ताहर जेम्स कॅमेरून आणि छायाचित्रकार बर्ट हार्डी यांनी १९५० मध्ये दक्षिण कोरियाच्या राजवटीने राजकीय कैद्यांचे केलेले हाल टिपले. मालकाने तो मजकूर थांबवला आणि आग्रह धरणारे संपादक टॉम हॉपकिन्सन यांना पदावरून काढले. तोच हल्टन यांचा चित्रसाठा साप्ताहिक बंद पडल्यावर बीबीसीकडे गेला आणि १९९६ पासून गेटी कंपनीच्या मालकीचा आहे. बर्लिनच्या उल्स्टाइन प्रकाशनाची कथा अधिक क्लेशकारक आहे. ज्यू कुटुंबाची ही संस्था १९३४ मध्ये नात्सी राजवटीने बळजबरीने विकायला लावली आणि १९३७ मध्ये तिचे नावही बदलले. ज्यांचे घर हिसकावले गेले त्यांचाच संग्रह हिसकावणाऱ्यांच्या प्रचारचित्रांनी वाढत राहिला. तो वापरताना १९३४ च्या आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र एकाच नजरेने पाहता येत नाही.

जतनाच्या अडचणी माध्यमागणिक वेगळ्या आहेत. काच फुटते, नायट्रेट फिल्म पेट घेते, ॲसिटेट फिल्मला आंबूस वास येऊन ती आक्रसते. थंड व कोरड्या खोलीत हे सगळे मंदावते, थांबत नाही. त्यामुळे स्कॅनिंग आवश्यकच आहे. पण विक्रीसाठी केलेल्या स्कॅनिंगमध्ये बहुधा चित्राची पुढची बाजूच घेतली जाते, कडा छाटल्या जातात आणि जुनी ओळ बदलून नवी, त्रोटक ओळ लावली जाते. हे माझ्या मते अर्धे जतन आहे. शिक्के व रेघा असलेली मागची बाजू आणि त्याच फिल्मवरच्या शेजारच्या चौकटी यांचेही स्कॅन त्याच नोंदीला जोडले, तर फेंटनची दुसरी प्रत किंवा खाल्देईचे घड्याळ शोधणाऱ्याला कपाटापर्यंत जावे लागणार नाही.