हवामानबदलाविषयीचा संशयवाद (नाशिक परिसराच्या संदर्भात)

पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ते मुख्यतः माणसामुळे वाढत आहे आणि त्याचे परिणाम गंभीर आहेत, या तीन विधानांपैकी एखाद्यावर किंवा तिन्हींवर शंका घेणारी भूमिका म्हणजे हवामानबदलाविषयीचा संशयवाद. अमेरिकेत आणि युरोपात या भूमिकेमागे अनेकदा तेल-कोळशाचे हितसंबंध आणि पक्षीय राजकारण उभे राहिले. नाशिक जिल्ह्यात तिचे रूप निराळे आहे. ‘तापमानवाढ म्हणजे थाप’ असे म्हणणारा इथे क्वचित भेटतो. ‘हवामान बदलाचे नाव पुढे करून कोणीतरी हात झटकतो आहे’ असे म्हणणारा मात्र पारावर, बाजार समितीत, घाटावर सहज भेटतो. या दोघांना एकाच पंगतीत बसवल्यामुळे चर्चेचा बराच घोटाळा होतो.

संज्ञेचा गुंता

गोंधळाची सुरुवात शब्दापासून होते. आजची हवा आणि तीस वर्षांच्या सरासरीने ठरणारे हवामान या दोन वेगळ्या गोष्टी. पण मराठीत ‘हवामान’ हा एकच शब्द दोन्हींसाठी राबतो. उद्याचा पाऊस सांगणारे हवामान खाते आणि शंभर वर्षांचा कल सांगणारे हवामानशास्त्र यांत सामान्य वाचकाला फरक दिसत नाही, आणि कालचा अंदाज चुकला की शतकाच्या अंदाजावरचाही विश्वास उडतो. त्यात आणखी एक भर आहे. निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार ‘वातावरण खराब आहे’ म्हणतो तेव्हा त्याला ढगाळ हवा आणि बागेवर येऊ घातलेला डाऊनी हा बुरशीसारखा रोग अभिप्रेत असतो. राज्य सरकारच्या खात्याचे नाव मात्र ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’. हे नाव ऐकून औषध फवारणीचा सल्ला देणारे खाते असावे असे कोणाला वाटले, तर दोष ऐकणाऱ्याचा नाही.

‘संशय’ आणि ‘नकार’ यांतही फरक करावा लागतो. पुरावा मागणे हा विज्ञानाचा नित्याचा व्यवहार आहे. पुरावा पुढे ठेवल्यावरही तीच शंका पुन्हा काढणे हा नकार.

शास्त्रातला संशय

संशयाचा इतिहास तापमानवाढीच्या सिद्धांताइतकाच जुना आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. चारच वर्षांनी त्यांचेच देशबांधव क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी प्रयोगाच्या आधारे आक्षेप घेतला: हा वायू शोषता येण्याजोगी उष्णता आधीच शोषून बसला आहे, आणखी वायूने काय फरक पडणार? आक्षेप खोडसाळ नव्हता. वरच्या विरळ, थंड थरांत उष्णता कशी अडते हे नीट उलगडायला १९५० चे दशक उजाडले. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून सुरू झालेल्या मोजणीने, हा वायू खरोखर वाढतो आहे का, ही उरलेली शंका फेडली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू आज ४२० भागांच्या पुढे गेला आहे.

‘सूर्यच जास्त तापतोय’ हा आक्षेप नाशिकमध्येही ऐकू येतो, विशेषतः मे महिन्यात मालेगावहून आलेल्या माणसाकडून. पण १९८० नंतर सूर्याच्या तेजात वाढीचा कल नाही, आणि वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, तापण्याऐवजी थंडावला आहे. सूर्य कारण असता तर तोही तापला असता. हवामानबदलावरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने (आयपीसीसी, स्थापना १९८८) २०२१ च्या अहवालात मानवी प्रभाव निःसंदिग्ध ठरवला आणि २०११ ते २०२० या दशकाचे तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त असल्याचे नोंदवले.

याच मंडळाची एक चूक भारतात फार गाजली. २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होऊ शकतील असे विधान होते. भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या निबंधात हिमनद्यांविषयीच्या अशा घाईच्या निष्कर्षांना विरोध केला. मंडळाच्या अध्यक्षांनी त्याची टर उडवली. पण जानेवारी २०१० मध्ये मंडळालाच त्या विधानाबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. हिमनद्या आक्रसत आहेत हे खरे, साल चुकीचे. ‘मग बाकीचे तरी कशावरून खरे?’ हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत वापरात आहे.

भारतीय संशयाचे खरे बलस्थान मात्र दुसऱ्या प्रसंगात दिसले. भारतीय भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३७ दशलक्ष टन मिथेन हा उष्णता अडवणारा वायू बाहेर पडतो, असा अंदाज अमेरिकेकडून पुढे आला होता. भौतिकशास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशभर प्रत्यक्ष मोजणी झाली आणि आकडा सुमारे ४ दशलक्ष टनांवर आला. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातशेतकऱ्यावर अमेरिकेतल्या मोटारींच्या बरोबरीने ठपका ठेवला जात होता, तो अशा रीतीने उतरला. त्याच वर्षी पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी जगण्यासाठीचा धूर आणि चैनीचा धूर एका तराजूत तोलू नये, असे बजावले. तापमानवाढीला त्यांचा नकार नव्हता. हिशेबाच्या वहीवर त्यांना शंका होती. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन आजही सुमारे २ टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे.

निफाडचा पारा

दर हिवाळ्यात निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा किमान तापमानाचा आकडा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. पारा ५ अंशांखाली उतरला, पानांवर दवबिंदू गोठले, की ‘कुठंय तुमची तापमानवाढ?’ हा प्रश्न ठरलेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालानुसार भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. एवढ्या सरासरी वाढीने थंडीच्या लाटा नाहीशा होत नाहीत. कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि उत्तरेकडचे वारे जुळून आले की सपाट नदीखोऱ्यातील जमीन रात्रभर उष्णता आकाशात सोडत राहते.

गंमत अशी की हरितगृह परिणामाचे तत्त्व निफाडच्या बागायतदाराला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. रात्री ढग आले की थंडी मोडते, हे तो जाणतो. निरभ्र रात्री पहाटे बागेत शेकोट्या पेटवून तो ऊब आणि धुराचे पांघरूण मिळवतो, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून. पांघरूण जाड झाले की खालची उष्णता अडते, एवढीच मूळ कल्पना आहे.

स्वातीचा पाऊस आणि द्राक्षाचा घड

‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण ज्वारी-हरभऱ्याच्या काळातली. स्वाती नक्षत्र ऑक्टोबरच्या अखेरीस लागते, आणि तेव्हाचा पाऊस रब्बीला वरदान होता. आज त्याच दिवसांत द्राक्षबाग पोंग्यात (कोवळ्या फुटीच्या अवस्थेत) किंवा फुलोऱ्यात असते. पाऊस झाला की घड जिरतात, कुजतात, डाऊनी सुटतो. पाऊस तोच, माणिक-मोत्यांचे मात्र पाणी झाले.

स्थानिक संशयवाद्याचा सर्वांत बिनतोड मुद्दा इथला आहे. त्याचे म्हणणे असे: अवकाळी पूर्वीही होत असे, नुकसान वाढले कारण पीक बदलले. बागलाणात अर्ली, म्हणजे हंगामाआधी बाजारात येणाऱ्या, द्राक्षांसाठी ऐन पावसाळ्यात छाटणी करायची आणि मग पावसाला दोष द्यायचा, हे कसे? दुर्गादेवीचा दुष्काळ आणि बहात्तरचा दुष्काळ कोणत्या धुरामुळे पडले? या युक्तिवादात तथ्य आहे. नुकसानीचे रुपये वाढले म्हणजे तितक्या प्रमाणात हवामान बिघडले असे सिद्ध होत नाही, आणि फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट किंवा २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागाला झोडपणारी गारपीट ही एकेकटी घटना तापमानवाढीचा पुरावा ठरत नाही. पण पूर्वी दुष्काळ माणसाविना पडला म्हणून आताचा बदलही माणसाविना होतो आहे, ही उडी चुकीची. वणवा विजेनेही लागतो आणि विडीनेही.

मारुतीच्या कमरेला पाणी

गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे नाशिककरांचे पूरमापक. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावर शहरात पुराची तीव्रता ठरते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनंतर वाद एकाच वळणावर गेला: पाऊस जास्त झाला, की गंगापूर धरणातून पाणी चुकीच्या वेळी सोडले, की पात्रात बांधकामे आणि काँक्रीट घालून नदीची वाटच अडवली?

पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोटांशी त्यांनी या वाढीचा संबंध जोडला. म्हणून घाटमाथ्यावर एकाच दिवसात कोसळणारा पाऊस हवामानबदलाशी विसंगत नाही. तरीही गोदापात्रातले काँक्रीट समुद्राने ओतलेले नाही. इथे संशयवादी आणि नदीप्रेमी कार्यकर्ते एकाच बाजूला येतात, असा विलक्षण योग घडतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले आणि टँकरने भरावे लागले, तेव्हाही असेच झाले. कोणी प्रशांत महासागर तापून मान्सून बिघडवणाऱ्या एल निनोकडे बोट दाखवले, कोणी जायकवाडीसाठी मराठवाड्याला सोडलेल्या पाण्याकडे, कोणी शहराच्या उधळपट्टीकडे. तिन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात, हे सभेत सांगणाऱ्याला टाळ्या पडत नाहीत.

सार्वजनिक चर्चेतील स्थान

भारतात संशयवादाला स्वतंत्र राजकीय घर मिळाले नाही. ५ सप्टेंबर २०१४ रोजी विद्यार्थ्यांशी बोलताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हवामान बदलले नसून आपण बदललो, अशा आशयाचे विधान केले होते. पुढच्या वर्षी त्यांच्याच पुढाकाराने पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय सौर आघाडी जाहीर झाली आणि २०२१ मध्ये ग्लासगोत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले गेले. बोलण्यातला संशय आणि कागदावरचे धोरण येथे सुखाने एकत्र नांदतात.

नाशिकमध्येही तेच. एकलहरे येथील ६३० मेगावॅटच्या कोळशावरील वीजकेंद्राबाबत स्थानिक मागणी कायम राहिली ती नवा ६६० मेगावॅटचा संच यावा ही. त्या वादात रोजगार, राख आणि वीजदर होते, कार्बन जवळजवळ नव्हता. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा विरोध जोरदार झाला, पण तो सावली, श्रद्धा आणि वारसा यांच्या भाषेत. हवामानबदल हा शब्द फलकांपेक्षा निवेदनांत जास्त वापरला जातो.

अफवांचा प्रवाह वेगळाच. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा ‘पाती ढग पळवतात’ अशी समजूत पसरली. विमानांनी पाऊस पळवल्याच्या गोष्टी दुष्काळी गावांत अजूनही सांगितल्या जातात. ही माणसे हवामान बदलत नाही असे म्हणत नाहीत, उलट ते कोणीतरी मुद्दाम बदलते आहे असे मानतात. नकारवादाची ही दुसरी बाजू अभ्यासकांच्या नजरेतून निसटते.

संशयाला सर्वांत ठोस रूप मिळते ते फळपीक विम्यात. हवामान आधारित विम्यात भरपाई महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर ठरते. पाऊस शिवारात पडतो आणि यंत्र दहा किलोमीटरवर कोरडे राहते, अशी तक्रार बागायतदार दर हंगामात करतात. अमेरिकेतील संशयवाद्यांनीही मोजणी केंद्रांच्या जागांवर बोट ठेवले होते. तपासणीत तिथला सरासरी तापमानाचा दीर्घकालीन कल त्याने बदलत नसल्याचे आढळले. कल बदलत नाही, पण एका मंडळातला एका दिवसाचा पाऊस बदलतो, आणि विमा एका दिवसाचाच असतो. म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याची शंका अमेरिकेतल्या संशयवाद्यांपेक्षा जास्त रास्त ठरते. ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याची केंद्र सरकारची ‘विंड्स’ ही योजना २०२३ मध्ये जाहीर झाली ती हवामानाच्या याच अपुऱ्या नोंदींवर उपाय म्हणून.