गाणं विटतं कशानं?

येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर, निपाणी... सीमाभागात कुठेही भजनाला बसा, एक वाद हमखास कानावर पडतो. तरुण पोरांनी तुकोबांचा अभंग एखाद्या चालू सिनेमाच्या चालीवर बसवलेला असतो. टाळकरी रंगात येतात आणि मागे बसलेले जुने बुवा मान हलवतात: ही काय भक्ती, ही तर करमणूक! पोरांचं म्हणणं, चाल कुठली का असेना, माणसं गातायत ना? हाच वाद गणपतीत डॉल्बीवरून होतो, शिवजयंतीच्या चित्ररथांवरून होतो, शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाचांवरून होतो.

मला हा वाद महत्त्वाचा वाटतो. फक्त तो चुकीच्या जागी घातला जातो. ख्याल म्हणजे कला आणि सिनेगीत म्हणजे करमणूक, अशी वाटणी मेंदूला ठाऊकच नसते. दोन्हीकडे आनंद देणारी यंत्रणा एकच आहे. ती कशी चालते हे गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरंच उलगडलं आहे, आणि त्यातून कला व करमणूक ओळखायचा एक वेगळाच निकष हाती लागतो: गाणं पुन्हा ऐकल्यावर त्यात काय उरतं?

या यंत्रणेच्या मुळाशी आहे अंदाज. गाणं ऐकताना मेंदू स्वस्थ बसत नाही, पुढचा स्वर कोणता आणि पुढचा ठोका कधी याचे आडाखे बांधत राहतो. गाण्यातली भावना या अपेक्षा लांबण्यातून, चुकण्यातून आणि पुऱ्या होण्यातून जन्मते, असं लिओनार्ड मेयर या अमेरिकी संगीततज्ज्ञानं 1956 साली मांडलं. आपल्याकडे हे समजावून घ्यायला पुस्तक लागत नाही, पखवाजाची तिहाई पुरते.

भजनी ठेका आठ मात्रांचा. तो अंगात मुरला की मात्रा मोजाव्या लागत नाहीत. पखवाजवाला एक बोल उचलतो. पहिल्यांदा तो नुसता बोल असतो. तोच पुन्हा आला की जाणत्याच्या ध्यानात येतं, गडी तिहाईला निघालाय. तिसऱ्यांदा सुरू झाला की सगळी मंडळी पुढे सरकतात, कारण सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, कुठे पडणार हे आता कळलेलं असतं आणि ती अजून पडलेली नसते. शेवटचा ‘धा’ समेवर बसतो, हात वर जातात. आपल्याला वाटतं आनंद समेत आहे, पण तो समेच्या आधीच सुरू झालेला असतो.

हे मोजूनही झालं आहे. कॅनडात माँट्रियलला रॉबर्ट झटोरे यांच्या प्रयोगशाळेत व्हॅलरी सालिमपूर यांनी 2011 साली ज्यांना गाणं ऐकताना अंगावर काटा येतो अशी माणसं निवडली, त्यांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं आणि मेंदूची छायाचित्रं घेतली. डोपामाइन हे रसायन दोनदा, दोन वेगळ्या जागी स्रवताना दिसलं. काटा येण्याआधीच्या काही सेकंदांत मेंदूच्या एका भागात, वाट पाहताना. आणि प्रत्यक्ष काटा आला त्या घडीला दुसऱ्या भागात. चवदार जेवणानं जी साखळी हलते तीच इथेही हलते. फरक इतकाच की गाण्यात हाताला काही लागत नाही, जे मिळतं ते वेळेत मांडलेलं असतं.

मग अंदाज खरा ठरावा की चुकावा? जर्मनीत लायप्झिगच्या संशोधकांनी 2019 साली याचा छडा लावायला अमेरिकेत गाजलेली 745 गाणी घेतली, त्यांतले सुमारे 80 हजार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, संगणकाला शिकवले आणि प्रत्येक जागी ऐकणाऱ्याला किती खात्री असेल व किती धक्का बसेल हे काढलं. निष्कर्ष सुंदर आहे. पुढे काय येणार याची पक्की खात्री असताना भलतंच आलं, तर मजा येते. आणि पुढचं काहीच उमगत नसताना ओळखीचं आलं, तरीही मजा येते. नाचाच्या ठेक्याचंही असंच असतं. अगदी सरळ ठेक्यावर पाय फारसे हलत नाहीत, फार वाकड्या ठेक्यावरही नाहीत. थोडा अडखळणारा, मध्यम वाकडा ठेका अंगात भिनतो, हे 2014 च्या एका अभ्यासात दिसलं.

म्हणूनच करमणुकीच्या गाण्याला हलकं म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. लोकांच्या कानांत आधीच जमलेले आडाखे नेमके ओळखून त्यांना तीन-चार मिनिटं खेळवणं हे अवघड कसब आहे. ते ज्याला साधतं त्याच्या चालीवर अख्खं गाव नाचतं.

पण गाजणं ही कसोटी नव्हे, आणि याचाही पुरावा आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 14 हजारांवर लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी इंटरनेटवर ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीचे आठ वेगवेगळ्या गटांत वाटलेले होते आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हे त्यांना दिसत होतं. इतरांची पसंती दिसू लागली तशी गाजलेली गाणी आणखी गाजली, पडलेली आणखी पडली. शिवाय एका गटातलं अव्वल गाणं दुसऱ्या गटात अव्वल येईलच याचा भरवसा राहिला नाही. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत. मधल्या साऱ्यांचं नशीब आधी कोणी बोट लावलं यावर ठरलं. मिरवणुकीत पाच मंडळांनी एकच गाणं लावलं की सहावं मंडळ तेच लावतं, ते याच कारणानं.

आता विटण्याकडे येऊ. रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी आवडू लागते. डॅनियल बर्लाइन यांच्या मांडणीत या आवडीला टेकडीचा आकार आहे. ओळख वाढते तशी आवड चढते, माथ्यावर येते आणि मग उतरू लागते, कारण गाण्यात शोधण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. श्रावणात डोक्यावर घेतलेलं गाणं दिवाळीला नकोसं होतं ते यामुळे.

पण मग हरिपाठ का विटत नाही? रोज तेच शब्द, बहुधा तीच चाल, धृपद तर वीस-वीस वेळा. इथे एलिझाबेथ मार्गुलिस या अमेरिकी संशोधिकेचं काम फार उपयोगी पडतं. आधुनिक पाश्चात्त्य संगीतात काही रचनाकार पुनरावृत्ती मुद्दाम टाळतात. मार्गुलिस यांनी अशा रचनांची ध्वनिमुद्रणं घेऊन त्यांतले तुकडे संगणकावर जागोजाग पुन्हा चिकटवले. ऐकणाऱ्यांना हा यांत्रिक फेरफार मूळ रचनेपेक्षा अधिक आवडला. इतकंच काय, तो माणसानं रचलेला असावा असंही जास्त जणांना वाटलं. पुनरावृत्तीनं कान आळसावतो हा आपला समज. होतं उलटंच: चाल पाठ झाली की लक्ष मोकळं होतं आणि दुसरीकडे वळतं. हरिपाठात आधी चाल ऐकू येते, मग शब्द, मग शेजारच्याचा टाळ आपल्या टाळाच्या किंचित मागे पडतोय ते, मग एखाद्या दिवशी ‘क्षणभरी’ या शब्दावर बुवांनी घेतलेली छोटीशी हरकत. ज्या गाण्यात लक्ष वळवायला अशा जागा आहेत ते बर्लाइनच्या टेकडीवरून लवकर घसरत नाही. एक थर पाठ झाला की दुसरा उघडतो. माझ्या लेखी कला ती हीच. सिनेमाच्या चालीतही ती असू शकते आणि पाठ केलेल्या ताना घोकणाऱ्या मैफलीत नसूही शकते.

थरांचं उदाहरण म्हणून सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जोगतींच्या हातात दिसणारं चौंडकं घ्या. लाकडी नळकांडं, त्याच्या एका तोंडावर कातडं, कातड्यातून ओवलेली तार. नळकांडं काखेत धरायचं, तारेचं दुसरं टोक एका हातानं ताणायचं, दुसऱ्या हातानं छेडायचं. तारेचा ताण बदलला की स्वर बदलतो, पण सरळ प्रमाणात नाही. स्वर दुप्पट उंच न्यायचा तर ताण चौपट लागतो. म्हणजे वाजवणारीच्या मुठीला हे गणित हिशेबाशिवाय पाठ असतं. शिवाय स्वर एका जागी थांबत नाही, खालून वर सरकत जातो आणि ठेका मात्र चुकत नाही. एकाच वाद्यातून ताल आणि सरकता स्वर दोन्ही येतात, वर गळ्यातलं ‘उदं गं आई’. नवख्याला पहिल्यांदा ‘बुवंग बुवंग’ एवढंच ऐकू येतं. थोडा वेळ बसलं की तार गळ्याच्या पाठोपाठ कशी चढते-उतरते ते कळू लागतं. ही माणसं देवीची सेवा करत असतात. आपण ठरवलेल्या दोन्ही खान्यांत त्यांचं गाणं बसत नाही आणि ते बसावं अशी त्यांची इच्छाही नसते.

डॉल्बीबद्दल लोक फक्त कानठळ्यांची तक्रार करतात, आणि ती रास्तच आहे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पण भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर पोरं बेभान का होतात यालाही शास्त्र आहे. साधारण 90 डेसिबलच्या वरचा खर्जातला आवाज आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवालाही हलवतो, म्हणजे झोक्यावर बसल्यासारखा परिणाम बसल्या जागी होतो. कॅनडातल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी एका खऱ्या कार्यक्रमात कानाला जाणवणार नाही इतका खालचा खर्ज अधूनमधून सोडला. तो चालू असताना लोक सुमारे 12 टक्के अधिक नाचले आणि कोणाला पत्ता लागला नाही. बेळगावात हुतात्मा चौकातून कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुकीत नाचणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. त्याचं शरीर खरोखरच काहीतरी अनुभवतं आहे. मला दुःख वेगळ्या गोष्टीचं होतं. इतक्या मोठ्या आवाजासाठी गाण्यातला हळू भाग वर उचलून मोठ्या भागाच्या बरोबरीला आणला जातो. सगळंच मोठं झालं की चढउतार संपतात, आणि चढउतार संपले की लक्ष वळवायला जागा राहत नाही. 1955 ते 2010 मधल्या साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांचा अभ्यास 2012 मध्ये झाला, त्यातही आवाजाची पातळी चढत गेलेली आणि ध्वनींच्या पोताची विविधता घटलेली आढळली. ढोल-ताशाचं पथक तितकंच दणदणीत वाजतं, पण ताशाची तर्री मधेच हळू होऊन पुन्हा उसळते.

कानही घडवावा लागतो, आणि या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. आडाखे बांधायला मेंदूला जो माल लागतो तो लहानपणापासून ऐकलेल्या गाण्यातून जमतो. इथल्या घरात रेडिओवर धारवाडही लागायचं आणि सांगलीही. अभंगाच्या शेजारी पुरंदरदासांची पदं कानावर पडली. गदगच्या मातीतल्या भीमसेन जोशींनी ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ गायलं तेव्हा कन्नडचं अक्षर न येणारे मराठी श्रोतेही त्यात बुडाले. अशा कानाकडे अपेक्षांचा साठा दुहेरी असतो, म्हणजे आश्चर्य वाटायच्या जागाही दुप्पट.

संगीत नाटक असल्याच दुहेरी कानातून निघालं. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म 1843 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्यांचं शाकुंतल रंगमंचावर आलं. त्याच्या पदांत कीर्तनातल्या साक्या-दिंड्या होत्या, हिंदुस्थानी चाली होत्या आणि कर्नाटकी वळणाच्याही. लोक तिकीट काढून गेले ते करमणुकीलाच. आज नाट्यपद ख्यालाच्या मैफलीत मानानं बसतं.

आणि कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला हा मुलगा बालवयातच थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचा. दर बाजूला साडेतीन मिनिटं वाजणारी तबकडी, तीतली प्रत्येक हरकत जशीच्या तशी. लोक थक्क व्हायचे. तो आनंद ओळख पटण्याचा होता: ऐकणाऱ्याचा अंदाज शंभर टक्के खरा ठरायचा. पुढे क्षयानं गाठलं, 1948 मध्ये ते देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंदच होतं. अंथरुणावरून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर येत राहिली, तीन-चार स्वरांत फिरणारी. नंतर त्यांनी ती जमवली, त्यांची स्वरलिपी केली आणि त्यांतून धुनउगम राग घडवले. बरे होऊन पुन्हा गायला बसले तेव्हा त्यांच्या गाण्यानं श्रोत्यांचे आडाखे मोडले. जुन्या रसिकांतले काही रुसले. नव्यांना त्या गाण्यासाठी नवे आडाखे बांधावे लागले, आणि ते बांधता बांधता पुढची पिढी वेगळं ऐकायला शिकली.

हे घरी तपासून बघता येतं. यंदा मिरवणुकीत ज्या गाण्यावर नाचलात ते निवडा, आणि एखादा आवडता अभंग. दोन्ही मोबाईलवर हळू आवाजात, रोज एकदा, पंधरवडाभर ऐका. ऐकताना लक्ष कुठे गेलं तेवढं वहीत टिपून ठेवा: शब्दांवर, ठेक्यावर, गळ्यावर, मागच्या वाद्यांवर. पंधरवड्यानंतर दोन्ही पानं शेजारी ठेवा. कोणत्या गाण्याखाली रोज तीच ओळ आहे आणि कोणत्याखाली नवी, ते बघा. उत्तर मिरवणुकीच्या गाण्याच्या बाजूनं लागलं तर तेही खुशाल मान्य करा, आणि भजनातल्या बुवांना ते गाणं ऐकवा.