'निअर', 'नेक्स्ट' आणि 'हिदर': इंग्रजीतील जवळ-दूरच्या शब्दांमागचा इतिहास

मराठीत 'तो जवळ राहतो' आणि 'तो घराजवळ राहतो' ही दोन्ही वाक्ये एकाच शब्दावर भागतात. पहिल्या वाक्यात 'जवळ' हे स्थलवाचक क्रियाविशेषण असते, तर दुसऱ्यात तेच शब्दयोगी अव्यय होते. याच सवयीने विद्यार्थी 'निअरबाय माय हाऊस' असे लिहितो आणि शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात. प्रमाण इंग्रजीत 'निअर' हा शब्द नामाआधी चालतो, 'निअरबाय' मात्र तेथे सहसा चालत नाही. असे का, याचे उत्तर नियमांपेक्षा या शब्दांच्या इतिहासात अधिक सापडते.

अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत 'जवळ' या अर्थाचा मूळ शब्द 'नेआख' असा होता. त्याचे तुलनेचे रूप 'नेआर', म्हणजे 'अधिक जवळ', आणि त्यापुढचे 'नेख्स्ट', म्हणजे 'सर्वांत जवळ'. 'नेआख'चा पुढे 'नाय' झाला आणि तो आता 'वेल-नाय'सारख्या प्रयोगांपुरता उरला आहे. त्याची जागा 'नेआर'ने, म्हणजेच आजच्या 'निअर'ने घेतली. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत याच्याशी मिळताजुळता शब्द साध्या 'जवळ' या अर्थाने वापरला जात असे, त्यामुळे या बदलाला बळ मिळाले. 'अधिक जवळ' हा अर्थ असा झिजून गेल्यावर तुलनेसाठी पुन्हा प्रत्यय लावणे भाग पडले आणि 'निअरर' तयार झाला. मुळाकडे पाहिले तर 'निअरर' म्हणजे 'अधिक अधिक जवळ'. पण वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

'नेक्स्ट'ची कथा याहून रंजक आहे. 'पुढचा' हा त्याचा आजचा अर्थ नंतरचा. मूळ अर्थ 'सर्वांत जवळचा'. म्हणूनच अर्जातल्या 'नेक्स्ट ऑफ किन' या रकान्याचे मराठीत 'जवळचा नातेवाईक' असे भाषांतर होते. ते अगदी मुळाला धरून आहे, मग भाषांतर करणाऱ्याने व्युत्पत्ती पाहिलेली असो वा नसो. 'नेबर' या शब्दातही तोच 'नेआख' लपला आहे: जवळ राहणारा 'गेबूर', म्हणजे रहिवासी, शेतकरी. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धामुळे आपल्याला ठाऊक झालेला डच 'बोअर' हा शब्द याच 'बूर'चा भाऊबंद.

'निअरबाय'मध्ये दोन शब्दांचा जोड आहे, आणि त्यातल्या 'बाय'चाही एक जुना अर्थ 'जवळ' असाच आहे. मराठीतला 'जवळपास' असाच घडला आहे, कारण 'पास' हा संस्कृत 'पार्श्व'पासून आलेला, म्हणजे पुन्हा 'जवळ'च. 'निअरली' आणि 'जवळजवळ' यांची वाटचालही सारखी आहे: 'जवळजवळ शंभर माणसे' म्हणताना अंतराचा शब्द संख्येकडे सरकतो. 'क्लोस' मात्र परका. लॅटिनमधला 'बंद केलेला' या अर्थाचा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि मध्ये फट न राहण्यावरून त्याला 'जवळ' हा अर्थ चिकटला. आपण दोन्ही अर्थांसाठी 'क्लोज' म्हणतो, इंग्रज 'जवळ'साठी 'क्लोस' म्हणतो.

सर्वांत मोठी पडझड झाली ती 'येथे-तेथे'च्या घराण्यात. जुन्या इंग्रजीत स्थान, जाण्याची दिशा आणि निघण्याची जागा यांसाठी तीन वेगळी रूपे होती: 'हिअर, हिदर, हेन्स', तशीच 'देअर, दिदर, देन्स' आणि 'व्हेअर, व्हिदर, व्हेन्स'. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये, कारण 'इथे, इकडे, इथून' हा आपला रोजचा संच आहे, जरी 'इथे ये' असेही आपण सर्रास म्हणत असलो तरी. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये शिष्य 'तू कुठे जातोस' हे 'व्हिदर'नेच विचारतो. पुढे बोलीतून 'हिदर' गेला आणि त्याचे काम 'हिअर'ने उचलले. दिशा त्याच्या पोटातच आल्यामुळे 'कम हिअर'मध्ये 'टू' लागत नाही. 'हेन्स'चे काम मात्र 'हिअर'ला एकट्याने पेलले नाही, म्हणून 'फ्रॉम हिअर' म्हणावे लागते. 'टू हिअर' चूक आणि 'फ्रॉम हिअर' बरोबर, ही विद्यार्थ्यांना विनाकारण वाटणारी तफावत इथून आली आहे. गंमत अशी की त्याच बायबलच्या 121 व्या स्तोत्रात 'फ्रॉम व्हेन्स' आहे, म्हणजे 'कोठूनपासून'. 'निअरर'सारखीच ही दुहेरी जोडणी.

'हेन्स' पुढे जागेवरून काळाकडे आणि कारणाकडे गेला व 'म्हणून' या अर्थाने टिकला. 'देन्स' बोलण्यातून हरवला, तरी अमेरिकेतील जमिनीच्या दस्तांत अजून भेटतो: अमुक खुणेपासून उत्तरेस इतके फूट, 'देन्स' पूर्वेस इतके फूट, असे करत हद्द पुन्हा पहिल्या खुणेवर येऊन मिळेपर्यंत.