रहस्यकथेतील कूटपद्य

रहस्यकथेतील कूटपद्य : ज्या पद्याचा, उखाण्याचा किंवा प्रश्नोत्तररूप वचनाचा वरवरचा अर्थ एक, आणि गुन्ह्याशी, पुरलेल्या धनाशी वा सुटकेच्या वाटेशी जोडलेला अर्थ दुसरा असतो, व तो दुसरा अर्थ लागल्यावाचून कथानक पुढे सरकत नाही, अशी रचना. केवळ वातावरणनिर्मितीसाठी आलेली कविता यात मोडत नाही. सांकेतिक लिपीही काटेकोरपणे पाहता वेगळी. मात्र एडगर ॲलन पो यांच्या ‘द गोल्ड-बग’ (१८४३) या कथेत अक्षरांच्या वारंवारतेवरून लिपी उलगडल्यावर हाती येणारे वाक्य पुन्हा कोडेच निघते, त्यामुळे ती कथा दोन्ही प्रकारांच्या सीमेवर ठेवावी लागते.

या युक्तीचा उगम एकाच ठिकाणी दाखविणे कठीण आहे. गुन्ह्याची पूर्वसूचना कूटवचनातून देण्याचे एक जुने उदाहरण महाभारताच्या आदिपर्वातील जतुगृहप्रसंगात, म्हणजे लाक्षागृहाच्या प्रसंगात, सापडते. लोखंडाचे नसूनही शरीर छेदणारे शस्त्र, साळिंदराचे बीळ आणि नक्षत्रांवरून कळणाऱ्या दिशा यांचा उल्लेख करून विदुर युधिष्ठिराला आग, भुयार व पलायन यांचा इशारा देतो. बोलणे इतरांदेखत झालेले असूनही कुंतीला ते कळत नाही आणि तिला नंतर विचारावे लागते. हे बोलणे ‘म्लेच्छवाणी’त झाले असे पुढे म्हटले आहे. ती खरोखर परभाषा होती की मुद्दाम दुर्बोध केलेले संस्कृत, याविषयी मतभेद असले, तरी उपलब्ध श्लोक पाहता दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे, म्हणजे काव्यमय कोड्याचे, सोळा प्रकार सांगताना क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीतले गुप्त बोलणे आणि दुसऱ्याला भुलविणे असे तिचे उपयोग नोंदविले आहेत, त्यांतील शेवटचे दोन रहस्यकथाकाराच्याही कामाचे आहेत. दंडीचा काळ सामान्यतः सातव्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात. शास्त्रासारखे स्पष्टीकरण लागणाऱ्या काव्याविषयी नापसंती दाखविणारा दुसरा काव्यशास्त्रकार भामह दंडीच्या आधीचा की नंतरचा, हा वाद जुना आहे. पां. वा. काणे यांचा कल दंडीला आधी मानण्याकडे होता. बऱ्याच अभ्यासकांना उलट क्रम ग्राह्य वाटतो.

आधुनिक रहस्यकथेत या युक्तीला घाट दिला तो मुख्यतः आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’ (१८९३) या कथेने. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पाठ म्हणून घेतली जाणारी प्रश्नोत्तरे ही प्रत्यक्षात जागा शोधण्याची कृती असते : सूर्य ओक वृक्षावर, सावली एल्मखाली, मग चार दिशांना मोजलेली पावले. एल्म पडून गेलेला असल्याने शेरलॉक होम्स सहा फुटी काठीची नऊ फूट सावली मोजतो आणि ६४ फूट उंचीच्या झाडाची सावली ९६ फूट पडली असती, असे काढतो. गणित बिनचूक आहे. शंका आहेत त्या गृहीतकांविषयी. सावलीची लांबी ऋतूनुसार बदलत असल्याने महिना सांगितल्यावाचून कोडे अपुरे राहते, आणि ‘पहिल्यापासून सहावा’ महिना सांगणारी ओळ ‘स्ट्रँड’ मासिकातील पहिल्या पाठात नव्हती. ती पुढे पुस्तकात आली. ती धरली, तरी १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे पहिला महिना कोणता, हा प्रश्न उरतोच. मूळ वचन इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या काळाशी जोडलेले असताना मधल्या दोनशेहून अधिक वर्षांत झाडे वाढली नाहीत काय, हा आक्षेपही गंभीर आहे. तरीही वाचकाला अडखळू न देण्याइतका या कथेचा ओघ वेगवान आहे. टी. एस. एलियट यांनी ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ (१९३५) या पद्यनाटकात याच प्रश्नोत्तरांचा उपयोग केला, ही कूटपद्याने काव्याला केलेली विरळा परतफेड म्हणावी.

बंगालीत पद्याचे उत्तर बहुधा जागेपेक्षा अक्षरांत दडविलेले आढळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील रवींद्रनाथ टागोरांच्या ‘गुप्तधन’ कथेत ‘राधा’मधला ‘रा’ आधी गाळून शेवटी जोडल्यास ‘धारा’ आणि ‘पागोल’मधला ‘पा’ सोडल्यास ‘गोल’ मिळते. मिळून ‘धारागोल’ हे स्थलनाम. अक्षर गाळण्याची ही रीत संस्कृत चित्रकाव्यातील, म्हणजे अक्षरचमत्कृतीच्या काव्यातील, च्युताक्षराच्या जातीची आहे. त्यामुळे धनशोधाचा सांगाडा पाश्चात्त्य कथांवरून आला असे मानले, तरी कोड्याचा घाट देशी असावा, हे मत अधिक पटते. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांत हीच वाट पुढे जाते. ‘घुर्घुटियार घटना’मध्ये पोपटाच्या तोंडी असलेल्या ‘त्रिनयन, ओ त्रिनयन, एकटु जिरो’ या शब्दांतून ध्वनिसाम्याने ३९०३९८२० हा तिजोरीचा आकडा निघतो.

बालगीताचा उपयोग याहून निराळा. एस. एस. व्हॅन डाइन यांच्या ‘द बिशप मर्डर केस’ (१९२९) आणि अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) या कादंबऱ्यांत गीत सर्वांना ठाऊकच असते आणि खून त्याच्या ओळींना धरून होतात. वाचकाची उत्सुकता अर्थापेक्षा पुढच्या बळीवर खिळते. ख्रिस्तींच्या गीतातील ‘रेड हेरिंग’, म्हणजे माग चुकविणारी खूण, दिशाभूल कोठे झाली हे उघडपणे सांगत असूनही सहसा लक्षात येत नाही.

मराठी वाचकाला यांपैकी होम्सकथा भालबा केळकर यांच्या आणि फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादांतून परिचित आहेत.