टँकरवरचा ‘हॅझार्ड’ आला कुठून?

ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत केमिकलच्या टँकरांची ये-जा चालू असते. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे चौकोनी पाटी असते. तिच्यावर रसायनाचं नाव, चार आकडी यूएन नंबर (त्या पदार्थाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), ज्वाळेचं किंवा कवटीचं चित्र आणि आणीबाणीचे फोन नंबर असतात. पेट्रोल असेल तर १२०३ हा आकडा आणि बहुधा ‘३ वायई’ असा कोडही दिसतो. त्यातला ३ अग्निशमन दलासाठी आहे: फोम वापरा. शेवटच्या ‘ई’चा अर्थ, आसपासची वस्ती हलवायची का ते लगेच ठरवा. या कोडला ‘हॅझकेम’ म्हणतात, म्हणजे हॅझार्डस केमिकल, धोकादायक रसायन.

हॅझार्ड हा शब्द मुळात जुगाराच्या अड्ड्यावरचा. जुन्या फ्रेंचमध्ये ‘हसार’ हा फाशांचा एक खेळ होता. त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक अरबी ‘अझ-झहर’, म्हणजे फासा, या शब्दात शोधतात. स्पॅनिशमध्ये ‘अझार’ म्हणजे आजही नशीब किंवा योगायोग. या व्युत्पत्तीवर वाद आहे, पण मला ती पटते. अरबी ‘अल’ हे उपपद (इथे उच्चारात त्याचं ‘अझ’ झालंय) शब्दाला चिकटून युरोपात गेल्याची उदाहरणं कितीतरी आहेत. अल्कोहोल आणि अल्कली हे त्यातलेच, आणि आपल्या टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या गोदामांत ते पिंपांनी भरलेले असतात.

इंग्रजीत हा खेळ १३०० च्या सुमारास पोचला. दोन फासे, आणि खेळणारा आधी पाच ते नऊमधला एक आकडा पुकारणार. नियम चांगलेच किचकट होते. त्यातूनच पुढे अमेरिकेत ‘क्रॅप्स’ निघाला. सोळाव्या शतकापर्यंत खेळाच्या नावाला ‘धोका’ हा अर्थ येऊन चिकटला होता. १७०८ मध्ये मोंमोर या फ्रेंच गणितज्ञाने जुगाराच्या गणितावर पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकातही हा शब्द आहे. विम्याचे हप्ते ज्या संभाव्यतेच्या गणितावर ठरतात, ते फाशांच्या अशाच हिशेबांतून वाढलं.

कारखान्यात मात्र शब्दाला काटेकोर अर्थ मिळाला. टाकीत साठवलेला क्लोरीन हा हॅझार्ड. तो गळण्याची शक्यता किती आणि गळला तर किती जणांना किती बाधेल, हा हिशेब म्हणजे रिस्क. प्लांटमधले लोक ज्याला ‘हॅझॉप’ म्हणतात, ती एकेक पाइप, एकेक व्हॉल्व्ह धरून ‘इथे प्रवाह थांबला तर? उलटा फिरला तर?’ असं विचारत जाण्याची पद्धत ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९६० च्या दशकात घडली.

या प्रवासात एक गोष्ट उलटली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. फासे टाकणारा स्वतःचे पैसे लावायचा. याच पट्ट्यातल्या रबाळे, महापे, पावणे इथल्या वस्तीने कुठलाच डाव लावलेला नाही, तरी टाकी फुटली तर वायू तिच्या घरात शिरणार.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री नेमकं हेच झालं. युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट सुटलं आणि झोपेतली माणसं हजारोंनी मेली. त्या कारखान्यात काय साठवलंय, हे शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यानंतर कायदे हलले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांवर वेगळं प्रकरण घातलं गेलं. मालकाने धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची, हे बंधन त्यातलं. जीवावर बेतेल अशी शंका आली, तर कामगाराने ती व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकाला कळवायची, हा हक्कही त्यातलाच. टँकरवरची पाटी १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी सक्तीची केली. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनी औद्योगिक भागांसाठी स्थानिक आपत्ती गट बंधनकारक केले. अपघात झाल्यास काय करायचं आणि परिसरात कोणती तयारी आहे, हे रहिवाशांना समजावून सांगणं हे या गटांचं नेमून दिलेलं काम आहे.